एगेरचे ‘बैलाचे रक्त’

‘बिकावेर’ म्हणजे बैलाचे रक्त. हंगेरियन वाइनचे हे नाव ऐकून ती गडद आणि जड असेल, असेच कोणालाही वाटावे. ईशान्य हंगेरीतील एगेर परिसराची उत्तम बिकावेर मात्र तशी नसते. माणकासारखा रंग, आंबट चेरीची आठवण करून देणारी किंचित मसालेदार चव आणि जिभेवर रेंगाळणारी तरतरीत आम्लता, ही तिची ओळख.

या आम्लतेचे मूळ हवामानात आहे. ब्युक डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याचे हे द्राक्षमळे सुमारे ४८ अंश उत्तर अक्षांशावर येतात. येथे वसंत उशिरा येतो, पाऊसही बेताचाच. थंडाव्यात द्राक्षे सावकाश पिकतात आणि साखर भरली तरी त्यांतील आम्ल टिकून राहते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात कोरलेल्या तळघरांत ही वाइन मुरते. एगेद डोंगराच्या चुनखडीच्या उतारावरील वाइन त्यामानाने भरदार असते.

नावामागे एक दंतकथा आहे. १५५२ मध्ये इश्तवान दोबो याच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन हजार जणांनी तुर्कांचा वेढा परतवला. दाढीवर ओघळलेली लाल वाइन पाहून हे लोक बैलाचे रक्त पितात, असा तुर्कांचा समज झाला म्हणे! कथा झकास असली तरी पटणारी नाही. त्या काळी एगेरमध्ये पांढऱ्या वाइनचेच प्रस्थ होते. कादार्का ही लाल जात तुर्कांपासून दूर उत्तरेकडे सरकलेल्या सर्बांबरोबर आली, असे मानले जाते.

कादार्का पातळ सालीची, उशिरा पिकणारी आणि चटकन कुजणारी. समाजवादी राजवटीतील घाऊक उत्पादनात ती मागे पडली व केकफ्रांकोश या जातीने तिची जागा घेतली. सोव्हिएत बाजारासाठी कारखान्यांतून वाइनचे लोट वाहू लागले आणि बिकावेर हे नाव स्वस्त झाले. ते सावरण्यासाठी १९९७ मध्ये नियम करण्यात आले. एकाच जातीची वाइन या नावाने विकता येत नाही. मिश्रणात केकफ्रांकोशचा वाटा सर्वाधिक लागतो. काबर्ने, मर्लो यांनाही मुभा आहे. पण त्यांचा आणि ओकच्या पिंपांचा सोस वाढला, की एगेरची चव हरवते. काही उत्पादकांनी कादार्काची पुन्हा लागवड केली आहे.

२०१० मध्ये ‘एग्री चिल्लाग’ ही मिश्र पांढरी वाइनही बाजारात आली. तिचे नाव त्याच वेढ्यावरील गेझा गार्दोन्यी यांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे.