वृद्धाश्रमातील आजी-आजोबांच्या गोळ्या: चूक टाळायला काय कराल?

वय झालं की बीपी, शुगर, थायरॉईड, संधिवात असं एकेक मागं लागतं. दोन-तीन डॉक्टरांची औषधं मिळून दिवसाला आठ-दहा गोळ्या सहज होतात. वृद्धाश्रमात तर एकाच कर्मचाऱ्याकडं अनेकांच्या गोळ्या असतात. आपलं माणूस तिथं असेल किंवा घरी, पुढील गोष्टी पाळा.

१) यादी एकच ठेवा. गोळीचं नाव, डोस, वेळ आणि कशासाठी, हे एका कागदावर लिहा. आयुर्वेदिक चूर्ण आणि मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळीही त्यात लिहा. कुठल्याही डॉक्टरकडं जाताना हा कागद न्या. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की जुनी कुठली बंद, नवी कुठली सुरू, हे विचारूनच निघा.

२) पाकिटावरचं बारीक नाव वाचा. कंपनी बदलली की नाव बदलतं, आतलं औषध तेच असतं. दोन नावांनी तेच औषध दिलं गेलं तर डोस दुप्पट होतो. पॅरासिटामॉल तापाच्या, सर्दीच्या आणि अंगदुखीच्याही बऱ्याच गोळ्यांत असतं.

३) आठवड्याची गोळी ओळखा. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज दिली तर जिवावर बेततं. पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहा.

४) वेळ सांभाळा. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी द्या. कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. शुगरची ग्लिमेपिराइड जेवणाच्या वेळची. उपवास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर शुद्धीवर असताना साखरपाणी पाजा. बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

५) गोळी कुटू नका. नावापुढं एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी असते. कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते.

६) सही नंतरच. गोळी गिळलेली पाहूनच वहीत नोंद व्हावी. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नयेत.

भेटायला जाताना आपण फळं नेतो. पुढच्या वेळी ती वहीही मागून बघा.