सक्तमजुरीतली मजुरी

उर्दूत ज्याला आम्ही 'कैद-ए-बामशक्कत' म्हणतो, तिला मराठीत सक्तमजुरी म्हणतात. मशक्कत म्हणजे निव्वळ कष्ट. मराठी 'मजुरी'त मात्र काम आहे आणि कामाचा दामही. इंग्रजांच्या तुरुंगाने काम ठेवले, दाम काढून घेतला.

चंद्रपूरच्या तुरुंगात दोन गोष्टी लोकांना ठाऊक आहेत. एक, वीर बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी जिथे फाशी दिली ते पिंपळाचे झाड. दुसरी, गैबीशाह वलींचा दर्गा. मोहरममध्ये तुरुंगाचे फाटक उघडते, तेव्हा सर्व धर्मांची माणसे आत जातात. शहीद आठवतो, वली आठवतो. आत राबलेल्या बिनानावाच्या कैद्याला मात्र कोणी फातिहा देत नाही.

त्याच्या श्रमाचे काय करावे यावर सरकारात बराच खल झाला. 1838 च्या तुरुंग समितीत मेकॉले होते. कैद्यांना रस्त्यावर राबवू नये, आत कंटाळवाण्या कामाला जुंपावे, असे तिचे मत. पुढे बंगालच्या तुरुंगांचे प्रमुख डॉ. मुआट यांनी उलट बाजू मांडली : कैद्याकडून विकाऊ माल करवून घ्या, तुरुंगाचा खर्च निघू द्या. चांदा ज्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांतातल्या जबलपुरात ठगांकडून तंबू आणि सतरंज्या विणून घेत. माल खपू लागला तसे खासगी कारखानदार ओरडू लागले. फुकटच्या हातांशी स्पर्धा कशी करायची, हा त्यांचा सवाल. त्या हातांना दाम द्या, असे मात्र ते म्हणाले नाहीत! मग तुरुंगाचा माल मुख्यतः सरकारी खात्यांकडे वळवण्याचे धोरण आले. शिवाय कैद्यांवर कैदीच पहारेकरी नेमले, म्हणजे पगारही वाचला.

1894 च्या तुरुंग कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. राबणाऱ्या कैद्याचे वजन पंधरवड्यातून एकदा तरी नोंदवावे, असेही त्यात आहे. बैल विकत घेणाराही दात पाहतोच. मजुरी द्यावी, असे त्यात कुठेही नाही.

आमच्या भागात भिंतीबाहेरचा हिशोबही फार निराळा नव्हता. सरकारने जंगल राखीव केले, पण लाकूडतोडीला माणसे हवीच होती. म्हणून वनग्रामे वसवली. तिथे कसायला जमीन मिळे ती जंगल खात्याच्या कामाला हजर राहण्याच्या अटीवर. हजर नाही तर जमीन नाही. या माणसाला ना शिक्षा झाली होती, ना सुटकेची तारीख होती.

राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगारी बंद केली. तुरुंगाचा प्रश्न उरला. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सक्तमजुरीच्या कैद्याला काम करावे लागेल, पण त्याचा रास्त मोबदला द्यावा आणि त्यातला काही भाग गुन्ह्याच्या बळींसाठी राखावा.

काम कोणते द्यायचे, हे मात्र अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जातीवरूनच ठरत राहिले. झाडू एका जातीच्या हाती, स्वयंपाक दुसरीच्या. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. नियमावल्या तीन महिन्यांत सुधारा आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश दिला.