टीव्ही नसलेलं गाव

एखाद्या नवीन फीचरचा परिणाम काय होतो हे बघायचं असेल तर आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो? अर्ध्या लोकांना ते देतो, अर्ध्यांना देत नाही, आणि आकडे बघत बसतो. लहान मुलांच्या बाबतीत हे जमत नाही. मोबाईल कधीच न बघितलेली मुलं आज तुलनेला आणायची कुठून? त्यामुळे 'स्क्रीनमुळे मुलं बिघडतात' विरुद्ध 'काही होत नाही हो, आम्हीपण टीव्ही बघूनच मोठे झालो' हा वाद दोन कप चहावर आरामात चालतो.

पण गंमत म्हणजे हा प्रयोग इतिहासात आपोआप घडून गेलाय. एकदा नाही, दोनदा. आणि निकाल वेगवेगळे लागलेत!

पहिला कॅनडातला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक छोटं गाव होतं. आजूबाजूच्या गावांत टीव्ही पोचला होता, पण हे गाव दरीत असल्यामुळे तिथे सिग्नलच यायचा नाही. १९७३ मध्ये शेवटी तिथे टीव्ही आला. (आपलं मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.) टॅनिस मॅकबेथ विल्यम्स या मानसशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी संधी बरोबर पकडली. टीव्ही यायच्या आधी आणि मग दोन वर्षांनी अशी दोनदा पाहणी केली. तुलनेला आणखी दोन गावं घेतली, एकात एक चॅनेल, दुसऱ्यात चार. गावांची ओळख लपवायला त्यांना नावं दिली नोटेल, युनिटेल आणि मल्टिटेल. ही नावं थेट आमच्या कोडमधल्या व्हेरिएबल्सच्या वळणाची आहेत, नाही का?

निरीक्षकांनी शाळेच्या मैदानावर मुलांचा खेळ बघून नोंदी केल्या. दोन वर्षांत नोटेलच्या मुलांमधली ढकलाढकली, मारामारी आणि अद्वातद्वा बोलणं वाढलं होतं. आणि फक्त मुळातल्या दांडगट पोरांचं नाही. मुलगे, मुली, शांत, वांड, सगळ्यांचंच. दुसरी चाचणी मला जास्त आवडली. रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात ते सांगायचं. टीव्ही येण्याआधी नोटेलची मुलं यात बाकी दोन्ही गावांच्या पुढे होती. दोन वर्षांनी ती आघाडी संपली. गावातले खेळ आणि कार्यक्रमांची गर्दीही ओसरली. हे सगळं १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

झालं, टीव्ही वाईट, केस क्लोज्ड? थांबा.

दुसरा प्रयोग सेंट हेलेना बेटावरचा. दक्षिण अटलांटिक समुद्रात, साधारण पाच हजार वस्ती. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं तेच हे. इथे उपग्रहावरून टीव्ही आला तो थेट १९९५ साली. टोनी चार्ल्टन या ब्रिटिश संशोधकाच्या गटाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं मैदानावरचं खेळणं आधी आणि नंतरही व्हिडिओवर टिपलं. मारामारी वाढलीच नाही! काही बाबतीत मुलं उलट जरा जास्तच समजूतदार वागताना दिसली.

मग खरं काय? मला वाटतं दोन्ही. चार्ल्टन यांच्या गटाने कारण दिलं ते बेटावरच्या माणसांचं. सगळे एकमेकांना ओळखणारे. पोर कुठे काय करतंय यावर घरच्यांचं, शाळेचं आणि शेजाऱ्यांचंही लक्ष. नोटेलमध्ये मात्र टीव्हीने माणसांनाच मैदानावरून आणि हॉलमधून उठवून घरी नेलं होतं. म्हणजे पडद्यावर काय दिसतंय एवढाच प्रश्न नाही. पडद्याने कोणाची जागा घेतली, हा पण आहे.

आणि लहान मुलांसाठी ही जागा फार महागातली. आपला नंबर येईपर्यंत थांबणं, आऊट झाल्यावर रडू आवरणं, रुसलेल्या मित्राला परत खेळायला आणणं हे सगळं खेळता खेळता शिकायचं असतं. त्याचं ट्यूटोरियल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी केला तर उत्तम. आणि हालचाल, पळापळ किमान १८० मिनिटं. सगळे तो एक तास मोजत बसतात, अगदी घड्याळ लावून. तीन तासांचं कोणी विचारत नाही!

नोटेलमधला टीव्ही निदान भिंतीपाशी एका जागी होता. आताचा पडदा जेवणाच्या ताटापाशी, गाडीत, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे पोराबरोबर येतो. आणि आपल्या फ्लॅटच्या मजल्यावर सेंट हेलेनासारखे शेजारी आहेत का? माझ्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद असतात. माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. तिचा मोबाईल काढून घेणं दोन सेकंदांचं काम आहे. पण काढून घेतल्यावर तिला खेळायला कोण आहे, हे बघायचं तर आधी शेजारची बेल वाजवावी लागेल.

तुमच्या मजल्यावर काय परिस्थिती आहे?