तुम्ही कोणाच्या वतीनं बोलताय? पुणे सार्वजनिक सभेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी तसंच आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

मी शनिवार पेठेत राहतो. आमच्या गल्लीत ड्रेनेजचं एक झाकण तुटलेलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या आजींचा पाय त्यात अडकला. नशिबानं फक्त मुरगळला. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी नुसता धूर निघाला. फोटो, लाल चेहऱ्याचे इमोजी, 'काही होणार नाही या शहराचं' वगैरे. ग्रुपमध्ये ११२ जण. मग आम्ही तिघं एक अर्ज टाइप करून एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, शांतपणे विचारलं, "तुम्ही कोणाच्या वतीनं आलात?"

मी म्हटलं, "गल्लीच्या वतीनं. आमच्या ग्रुपमध्ये ११२ लोक आहेत."

साहेब हसले. म्हणाले, "ग्रुपमध्ये काय, मीपण पन्नास ठिकाणी आहे. सह्या कुठायत?"

अर्जावर सह्या तीन. तिघांच्याच. राग आला, पण घरी येताना जाणवलं की प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ११२ जणांपैकी कोणीही मला 'जा, आमच्यासाठी बोल' असं सांगितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न याच पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी काही लोकांनी स्वतःला आधीच विचारून ठेवला होता. आजचा भाग त्यांच्यावर.

पर्वतीवरून सुरू झालेलं प्रकरण

साल १८७०. पेशवाई जाऊन बावन्न वर्षं झालेली. १८५७ चा उठाव होऊन गेलेला. पुण्यात नगरपालिका होती, पण तिच्यात लोकांनी निवडून दिलेले सदस्य नव्हते. सरकार ज्याला नेमेल तो सदस्य. म्हणजे कारभाऱ्याला जाब विचारायचा, तर मतपेटी नावाची वस्तूच नाही.

ठिणगी मात्र नगरपालिकेवरून पडली नाही. पडली पर्वतीवरून. पर्वती देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. इंग्रजी अमलात त्याचा कारभार पंच बघत होते आणि या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. आता तक्रार करायची कोणी? चार प्रतिष्ठित लोक गेले, तर सरकार विचारणार, तुम्हाला कोणी पाठवलं? या सगळ्या खटपटीतून असं वाटू लागलं की एका प्रकरणापुरतं जमून पांगण्यापेक्षा लोकांच्या वतीनं बोलणारी कायमची संस्थाच हवी.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यामागचा सगळ्यात मोठा हात गणेश वासुदेव जोशी यांचा. व्यवसायानं वकील. सभेच्या कामात इतके बुडाले की लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले आणि तेच नाव इतिहासात राहिलं. पहिले अध्यक्ष औंध संस्थानचे पंतप्रतिनिधी.

पन्नास सह्यांचा नियम

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. सार्वजनिक सभेचं सभासद व्हायला नुसती वर्गणी पुरत नव्हती. किमान पन्नास प्रौढ माणसांनी सही करून दिलेला मुखत्यारनामा आणावा लागे. मुखत्यारनामा म्हणजे 'माझ्या वतीनं या माणसाला बोलायचा अधिकार आहे' असं लिहून दिलेला कागद. कोर्टात उभं राहायला वकिलाला वकीलपत्र लागतं, तसंच हे. वकिलाच्या डोक्यातून आल्यासारखी कल्पना आहे. सह्या कोणत्याही जातीधर्माच्या माणसांच्या चालत.

अशा रीतीनं ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांचे मुखत्यारनामे होते. भारतीय राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, स्थापन व्हायला अजून पंधरा वर्षं होती. देशात निवडणूक नावाचा प्रकार जवळपास नव्हता आणि इथे पुण्यात माणसं घरोघर जाऊन सह्या गोळा करत होती. सरकारनं 'तुम्ही कोण?' विचारलं, तर टेबलावर ठेवायला कागद असावेत, म्हणून.

आपण ऑनलाइन पिटिशनवर बोट टेकवतो आणि विसरतो. तिथे सही करणाऱ्याला माहीत असे की आपण कोणत्या माणसाला अधिकार देतोय. उद्या तो गल्लीत भेटला, तर त्याला विचारता येणार होतं, "काय झालं हो त्या कामाचं?" म्हणजे सरकारला जाब विचारणाऱ्यांनाही जाब विचारायची सोय.

तक्रार नाही, अहवाल

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. सरकारी नोकर असल्यामुळे ते पुढे फारसे दिसत नसत, पण सभेच्या कामाला त्यांनी वेगळीच शिस्त लावली. शेतकऱ्यांच्या स्थितीवर बोलायचंय? मग आधी चौकशी समिती नेमा, माहिती गोळा करा, अहवाल लिहा, मग अर्ज करा. १८७५ मध्ये सभेनं थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला की तिथे हिंदुस्थानचेही प्रतिनिधी असावेत. १८७८ पासून सभेचं इंग्रजी त्रैमासिक सुरू झालं. सारा, जंगल, कर्ज, स्थानिक कारभार असे विषय त्यात आकडेवारीसह येत.

या पद्धतीची खरी परीक्षा १८७६-७७ च्या दुष्काळात झाली. दख्खनमध्ये माणसं मरत होती. सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली आणि ती पत्रांमागून पत्रं लिहून सरकारकडे पाठवली. त्याच वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी केली. पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरत नाही, हे सभेनं पुन्हापुन्हा लिहून मांडलं. मोठी घोषणा वगैरे काही नाही. कुठे, किती माणसं, किती धान्य, काय भाव, असं सगळं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे 'ॲप चालत नाही' अशी तक्रार आली की आम्ही कंटाळतो. 'अमुक फोनवर, अमुक वेळी, हे बटण दाबल्यावर बंद पडतं' असं लिहून आलं, की नाकारता येत नाही. सभेची पत्रं या दुसऱ्या प्रकारची होती.

याची किंमत

सरकारला हे आवडत होतं असं समजू नका. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. त्यांचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणाऱ्यांत सार्वजनिक काका होते. सशस्त्र बंड केलेल्या माणसाचा बचाव करायचा, तोही अर्ज-विनंत्यांच्या मार्गानं जाणाऱ्यानं! याला धैर्य लागतं. रानड्यांवरही सरकारचा संशय होता. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला. काका १८८० मध्ये गेले. वय जेमतेम बावन्न.

सभा मात्र राहिली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला आणि नगरपालिकांत निवडून आलेले सदस्य येऊ लागले. पुढे एकेकाळी सभेचे सचिव असलेले गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

पण मुखत्यारनामा कोणाचा?

इथपर्यंत ऐकून सभा म्हणजे आदर्श संस्था वाटेल. तसं नव्हतं आणि हे सांगणारा माणूसही पुण्यातच होता. महात्मा जोतीराव फुले.

नियमात जातीची अट नव्हती, पण सभेत वजन होतं शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण मंडळींचं, सरदार आणि सावकारांचं. शेतकऱ्याच्या नावानं बोलणाऱ्यांत शेतकरी किती? हा फुल्यांचा प्रश्न होता आणि त्यांनी तो सौम्य शब्दांत विचारला नाही. बायका तर जवळपास चित्रातच नव्हत्या. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी स्त्रियांसाठी वेगळी स्त्रीविचारवती सभा काढली, ती उगाच नाही.

फुले नुसती टीका करून थांबले नाहीत. १८७६ ते १८८२ या काळात ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचं ठरत होतं. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतदान झालं. ३२ सदस्यांत विरोधात मत एकच. फुल्यांचं.

विचार करा, ज्या सरकारनं खुर्ची दिली, त्याच सरकारच्या सगळ्यात मोठ्या साहेबाच्या स्वागताला एकट्यानं नाही म्हणायचं. मागे पन्नास सह्यांचा कागद नव्हता. पण ते कोणाच्या वतीनं बोलतायत, याबद्दल कोणालाच शंका नसणार.

म्हणून मला या दोन गोष्टी एकत्रच सांगाव्याशा वाटतात. सह्या गोळा करण्याची शिस्त सभेकडून घ्यावी आणि 'कोणाच्या सह्या राहिल्या?' हे फुल्यांकडून.

मान्यता काढून घेतली, तेव्हा

१८९५ मध्ये सभा टिळकांच्या गटाच्या ताब्यात गेली. रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. त्याच सुमाराला पुन्हा दुष्काळ पडला. आता सभेनं वेगळंच काहीतरी केलं. सरकारचाच फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात काय करायचं याचे नियम, तिनं मराठीत छापून गावोगाव वाटले. सभेची माणसं शेतकऱ्यांना सांगत फिरली की पीक बुडालं असेल, तर साऱ्यात सूट मागता येते. हे सरकारनंच लिहून ठेवलंय.

सरकारला पत्रं लिहिणारी सभा चालत होती. लोकांना त्यांचे नियम वाचून दाखवणारी चालली नाही. काही प्रचारकांवर खटले झाले आणि मार्च १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सभेनं सरकारशी पत्रव्यवहार करायचा नाही. साध्या भाषेत, तुम्ही कोणाच्याच वतीनं बोलत नाही!

आणि आज

पुण्याची ही सवय गेली नाही. केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू व्हायच्या आधी, २००२ पासून महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता आणि पुण्यात तो वापरणारी माणसं भरपूर होती. सजग नागरिक मंचासारखे गट त्यातूनच नावारूपाला आले. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांनी येऊन फायली बघाव्यात ही सोय आधी पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती पद्धत इतर कार्यालयांसाठी काढली. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धतही पुण्यात २००६ पासूनची. १८७० मध्ये यातलं काहीच नव्हतं. आपल्याकडे दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन समोरच्यावर असतं. फॅमिन कोड वाटणाऱ्यांना हे मिळालं असतं तर!

आता आमच्या झाकणाचं काय झालं ते सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये विचारालच.

आम्ही परत सुरुवात केली. एक कागद, वर चार ओळी: कुठलं झाकण, कधीपासून तुटलंय, कोण पडलं, काय हवंय. खाली सह्या. पहिल्या संध्याकाळी २३ झाल्या. सगळ्या फ्लॅटमालकांच्या. मग आमच्यातली एक जण म्हणाली, "अरे, त्या झाकणावरून रोज सगळ्यात जास्त कोण जातं?" खरंच की. कॉट बेसिसवर राहणारी पोरं, कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशी, आमचा वॉचमन, धुणंभांडी करायला येणाऱ्या ताई. यातलं कोणीच आमच्या ११२ जणांच्या ग्रुपमध्ये नव्हतं. मावशींनी सही करताना सांगितलं की त्या स्वतः तिथे दोनदा पडल्यात. ग्रुपवर त्याचा पत्ताच नव्हता.

आत्ता ४४ सह्या आहेत. पन्नास झाल्या की ओंकारेश्वराजवळ भेटून तारीख ठरवायची आणि पुन्हा त्याच साहेबांकडे जायचं. तोपर्यंत झाकणावर कोणीतरी एक फरशी आणून ठेवलीय. रात्री येताना जपून या.

तुमच्या गल्लीतही असा कागद फिरत असेल, तर त्यावर कोणाची सही राहिलीय, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!