टॉवर बंद, वायरलेस सुरू: पोलीस, अग्निशमन दल आणि गावाच्या हक्काच्या फ्रिक्वेन्सीची गोष्ट

गेल्या जुलैत मी अकोले तालुक्यात मावशीच्या गावी होतो. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा भाग, आवणीचे दिवस, आणि पाऊस तीन दिवस थांबलेला नव्हता. दुसऱ्या रात्री लाईट गेली, पहाटेपर्यंत टॉवरची बॅटरीही संपली. सगळ्यांच्या फोनवर नो सर्व्हिस. नेमकं त्याच सकाळी शेजारच्या काकांना भाताच्या खाचरात साप चावला.

सिग्नल मिळेल या आशेने मी बाईक काढून फाट्यापर्यंत गेलो. तिथे दरड आली म्हणून पोलिसांची गाडी उभी होती. माझ्या हातात फाइव्ह-जी फोन, आणि त्याचा उपयोग काय, तर टॉर्च! हवालदारांच्या गाडीतल्या जुनाट सेटवर मात्र कंट्रोल रूमचा आवाज व्यवस्थित येत होता. त्यांनी बटण दाबून निरोप दिला, कंट्रोलने तिकडून फोन करून अँब्युलन्स निघेल अशी सोय केली. पण पुढची चाळीस मिनिटं ती कुठवर आली आहे हे कोणालाच कळेना. पोलिसांचा सेट अँब्युलन्सशी बोलत नव्हता आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडे आपल्यासारखाच मोबाईल. काका वाचले. मी मात्र घरी आल्यावर या वायरलेसच्या मागेच लागलो.

मोबाईल का हरला?

आपला फोन समोरच्या फोनशी थेट कधीच बोलत नाही. शेजारी बसलेल्या मित्राला कॉल केला तरी तो आधी टॉवरवर जातो, तिथून फायबर किंवा मायक्रोवेव्ह लिंकवरून कंपनीच्या यंत्रणेत, आणि मग परत तुमच्याच टॉवरवरून मित्राकडे. या साखळीतली वीज, बॅटरी, केबल, यांतलं काहीही तुटलं की खेळ खल्लास.

दुसरी अडचण गर्दीची. एका टॉवरवरून एका वेळी ठरावीक लोकांचीच सोय होते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा टॉवर उभेच होते, पण सगळ्यांनी एकदम घरी फोन लावल्याने लाईन मिळणं मुश्किल झालं. त्या गर्दीत डॉक्टरचा कॉल आणि तुमचा माझा कॉल एकाच रांगेत उभा राहतो.

वायरलेस सेटचं काम वेगळं आहे. बटण दाबून बोललं की त्या चॅनेलवरचे सगळे एकाच वेळी ऐकतात. जवळच्या अंतरात मध्ये काहीही लागत नाही, सेटवरून थेट सेटवर. लांब बोलायचं तर डोंगरावर एक रिपीटर बसवतात, जो कानावर आलेलं जोरात परत बोलतो. त्या एका रिपीटरला बॅटरी आणि सोलर दिलं की बराच मोठा मुलूख सांभाळला जातो.

किती मोठा? याचं एक सोपं गणित आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. सपाट जमिनीवर सिग्नल साधारण तेवढे किलोमीटर जातो. ३० मीटरच्या टॉवरला २२ किलोमीटर. आणि १६४६ मीटर उंचीचं आपलं कळसूबाई शिखर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ढोबळमानाने ९०० मीटर वर आहे असं धरलं, तर १२० किलोमीटरच्या पुढे! अर्थात हे कागदावरचं गणित. डोंगराच्या सावलीतल्या दऱ्यांना त्याचा फायदा नाही, आणि अकोल्यात दऱ्याच दऱ्या आहेत. तरीही सतरा हजार चौरस किलोमीटरच्या, राज्यातल्या सर्वात मोठ्या जिल्ह्यासाठी हा हिशेब फार कामाचा आहे.

पोलीस वायरलेस सहसा व्हीएचएफ पट्ट्यात चालतं. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर, तर फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. लांब लहर झाडी आणि टेकडीच्या कडेवरून थोडी तरी वळते, आखूड लहर भिंतीलाही अडते. मग मोबाईल कंपन्या व्हीएचएफ का वापरत नाहीत? कारण तिथे जागा कमी. आवाजाच्या एका वायरलेस चॅनेलला १२.५ किलोहर्ट्झ पुरतात. फोर-जीच्या १० मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात असे ८०० चॅनेल मावतील. रील बघायला रुंद रस्ता लागतो, "पूल पाण्याखाली गेला" एवढं सांगायला पायवाटही चालते.

फ्रिक्वेन्सी मागायची कोणाकडे?

हवा सगळ्यांची असली तरी फ्रिक्वेन्सी सरकारची. भारतात ती वाटण्याचं काम केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा १९५२ पासून करते. राज्य सरकार, महापालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांना तिथेच जावं लागतं. आता अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो, पण सरल हे नाव पोर्टलचं आहे, प्रक्रियेचं नाही. किती सेट, किती वॅट, अँटेना कुठे आणि किती उंच, हे सगळं द्यायचं. उंच मास्ट असेल तर त्याच्या जागेची वेगळी परवानगी, विमानांना आणि इतरांच्या लहरींना अडथळा होऊ नये म्हणून. मंजुरी आल्यावर रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडून सेट घ्यायचे आणि दरवर्षी पैसे भरायचे.

नगरमध्ये तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इथे लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, के. के. रेंज आहे. स्पेक्ट्रमचा मोठा वाटा संरक्षण दलांकडे असतो, त्यामुळे कोणत्याही नव्या मागणीला शेजारी बघूनच जागा द्यावी लागते.

पण सार्वजनिक सुरक्षेसाठी दार बंद नाही. २०१२ च्या टू-जी निकालात सुप्रीम कोर्टाने व्यापारी वापराच्या स्पेक्ट्रमसाठी लिलावाचा आग्रह धरला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हाच नियम ठेवला आणि पहिल्या परिशिष्टात अपवादांची यादी दिली. त्या कामांना स्पेक्ट्रम लिलावाशिवाय, थेट देता येतो. यादीत कायदा-सुव्यवस्था आहे, आपत्ती व्यवस्थापन आहे, आणि वन्यजीव संवर्धनही आहे. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसात बिबट्याच्या मागे फिरणाऱ्या पथकांना हा शेवटचा शब्द महत्त्वाचा वाटेल. कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

सगळ्यांकडे सेट, पण बोलायचं कोणाशी?

पोलिसांची घडी जुनी आणि पक्की आहे. देशभरातल्या पोलीस वायरलेसचा ताळमेळ घालणारं संचालनालय १९४६ चं, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचं. उपग्रहावर चालणारं पोलनेटही त्यांचंच. महाराष्ट्रात पोलिसांचा स्वतंत्र बिनतारी संदेश विभाग आहे. मोठ्या शहरांतल्या अग्निशमन दलांकडेही सेट असतात. पण मी छोट्या गावांतल्या ज्या अग्निशमन गाड्यांजवळ उभं राहून चौकशी केली, तिथे उत्तर एकच: "व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना."

आणि सेट असूनही गोंधळ होतोच, कारण प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. याची सर्वात महाग किंमत न्यूयॉर्कने मोजली. ११ सप्टेंबर २००१ ला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून टॉवर कोसळण्याचा इशारा पोलिसांच्या रेडिओवर गेला. अग्निशमन दलाचा रेडिओ वेगळा होता, आतल्या अनेक जवानांपर्यंत तो पोचलाच नाही. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले. त्यानंतरही अमेरिकेला २०१२ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कायदा होऊन २० मेगाहर्ट्झचा राखीव पट्टा आणि फर्स्टनेट नावाचं फक्त आपत्कालीन सेवांचं मोबाईल नेटवर्क ठरलं.

आपल्याकडे ट्रायने जून २०१८ मध्ये अशीच शिफारस केली: पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, आपत्ती दल यांच्यासाठी ८०० मेगाहर्ट्झच्या भागात १० अधिक १० मेगाहर्ट्झ देशभर राखून ठेवा. माझ्या मते यात आपल्या जिल्ह्यासाठी खरी गोष्ट वेग नाही, सामाईक चॅनेल आहे. फाट्यावरच्या हवालदारांना अँब्युलन्सचा ड्रायव्हर ऐकू आला असता तर व्हिडिओ कॉल कोणाला हवा होता?

गावाने काढलेली वाट

फ्रिक्वेन्सी मिळत नाही म्हणून गावं बसून राहिली नाहीत. नगर, नाशिक, पुणे भागात ग्रामसुरक्षा यंत्रणा तुम्ही ऐकली असेल. गावकऱ्यांचे नंबर आधी नोंदवायचे. मग बिबट्या दिसला, चोर आले, पूर आला की एकाने टोल फ्री नंबरवर बोलायचं आणि त्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्यांचे फोन वाजतात. साधा बटणाचा फोनही चालतो. दवंडीचा हा अवतार मला मनापासून आवडतो. फक्त एक विसरू नका, तोही मोबाईल टॉवरवरच उभा आहे. टॉवर गेला की दवंडीवालाही गेला.

जुलै २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. एक टॉवर एकच संदेश आपल्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम सोडतो, म्हणून गर्दीने तो अडत नाही. घाबरून सेटिंगमध्ये जाऊन तो अलर्ट बंद केला असेल तर परत चालू करा. सेटिंगच्या सर्चमध्ये "इमर्जन्सी अलर्ट" टाकलं की सापडतो.

मग मी वॉकीटॉकी घेऊ का?

हा प्रश्न मला ट्रेकवाले मित्र हमखास विचारतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारे सेट विना परवाना वापरणं गुन्हा आहे, आणि चुकून पोलिसांच्या चॅनेलवर गेलात तर तुम्ही कोणाचा तरी खरा निरोप बुडवता. याच प्रकारामुळे २०२५ मध्ये ई-कॉमर्स साइटवरच्या बेकायदा सेट विक्रीविरुद्ध केंद्राने वेगळे नियम काढले. परवान्याशिवाय चालतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा कमी ताकदीचा पट्टा, तोही सेटला सरकारी मान्यता असेल तर. हरिश्चंद्रगडावर पुढच्या-मागच्या टोळीला बोलायला तेवढं बऱ्यापैकी पुरतं.

फोनबद्दल एक: तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर जिवंत असेल तर ११२ लागू शकतो. स्क्रीनवर "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" दिसलं तर तेच समजा. नो सर्व्हिस असेल तर मात्र बाईकच.

आणि खरंच रस असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. वयाची अट १२ वर्षं, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम वाचायचे, पास झालात की डब्ल्यूपीसीकडून स्वतःची ओळखखूण आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलायचा हक्क. २००१ च्या भुज भूकंपात फोन बंद असताना या हौशी लोकांनी निरोप पोचवले होते. मावशीच्या गावातल्या दोन पोरांनी आणि मी मिळून अभ्यास सुरू केलाय. रिपीटरसाठी टेकडी कोणती, यावर आमचं भांडण आत्ताच लागलंय.