दीड रुपयाचा वेताळ

आपल्या शाळेची स्थापना, इमारती, निकाल आणि मैदान गाजवणारे खेळाडू यांच्याबद्दल या स्मरणिकेत गुरुजनांनी आणि मित्रांनी लिहिलेच आहे. मला लिहायचे आहे ते आपल्या वाचनाबद्दल, तेही क्रमिक पुस्तकांबाहेरच्या. १९७८ च्या जूनमध्ये आपण पाचवीत आलो आणि १९८४ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. या सहा वर्षांत अवसरी बुद्रुकसारख्या गावातल्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके आली, ती कोणी निवडली आणि त्यांचे पैसे कोणी दिले, एवढाच या लेखाचा विषय. विषय जुना आहे खरा; पण ग्रंथालयासाठी जमवलेल्या रकमेचे काय करायचे हा प्रश्न आजचा आहे, आणि त्याचे उत्तर मला या जुन्या हिशेबात सापडते.

त्या काळी चित्रांचे वाचन चार वाटांनी येत असे. पहिली वाट चांदोबाची. मद्रासच्या नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. विक्रम आणि वेताळाची गोष्ट आणि शंकर यांचे ते चित्र, खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला राजा, आपल्यापैकी कोण विसरले असेल? दुसरी वाट किशोरची. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, १९७१ मध्ये हे मासिक काढले. सरकारी असल्यामुळे स्वस्त आणि शाळेला मान्य. तिसरी वाट अमर चित्र कथेची, आणि चौथी इंद्रजाल कॉमिक्सची. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केले तेव्हा अंकाची किंमत ६० पैसे होती. ली फॉक यांचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. म्हणजे आपल्याकडे दोन वेताळ होते. एक झाडाला लटकणारा, गुरुजनांना चालणारा. दुसरा कवटीच्या गुहेत राहणारा, दप्तरात सापडला तर जप्त होणारा.

ही जप्ती आपल्याच शाळेची रीत होती असे समजू नका. चित्रांची गोष्टीची पुस्तके मुलांना बिघडवतात, ही भीती जगभर होती. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे कॉमिक्सविरोधी पुस्तक आले आणि त्याच वर्षी तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली. ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला. आपल्या संसदेनेही १९५६ मध्ये तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि त्यात चित्रांच्या साहाय्याने किंवा निव्वळ चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा ज्या सरांनी आमच्या वर्गातून सात-आठ अंक काढून घेतले, ते काळाला धरूनच वागत होते. वार्षिक परीक्षा संपल्यावर त्यांनी ते सुतळीने बांधून परत दिले. गठ्ठा सोडला तर अंक क्रमांकाप्रमाणे लावलेले होते. यावरून काय समजायचे ते ज्याने त्याने समजावे.

गंमत अशी, की मान्य आणि अमान्य पुस्तकांमागे माणसे बऱ्याच वेळा तीच होती. अमर चित्र कथा उभी करणारे अनंत पै त्याआधी टाइम्समध्ये होते आणि इंद्रजालच्या सुरुवातीशी त्यांचा संबंध होता. १९६७ मध्ये दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातले उत्तर आले, पण रामाच्या आईचे नाव आले नाही, हे पाहून त्यांनी भारतीय कथांची चित्रमालिका करायचे ठरवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या मालिकेतल्या ‘शिवाजी’ या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे फास्टर फेणेच्या जनकाची, आणि चित्रे प्रताप मुळीकांची. शिवनेरी आपल्यापासून एका दिवसाच्या सहलीवर. सहलीआधी तो अंक वर्गात फिरला होता आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. पुढे याच मुळीकांनी हिंदीतल्या नागराजची चित्रे काढली. हात तोच, कुंचला तोच. पण एक अंक ग्रंथालयात गेला असता आणि दुसरा जप्तीत.

पै यांना शाळांचे दार उघडायचे होते. १९७८ मध्ये, म्हणजे आपण पाचवीत आलो त्याच वर्षी, दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानाविषयी परिसंवाद झाला आणि चित्रकथेतून इतिहास शिकवून पाहण्याच्या प्रयोगाची चर्चा झाली. दिल्लीतला तो वारा अवसरीपर्यंत यायला वेळ लागला. आपल्याकडे पुस्तकांचे एक कपाट होते, त्याला कुलूप होते, आणि आत थोरांची चरित्रे होती. ती वाईट नव्हती. पण ती आपल्यासाठी मोठ्या माणसांनी निवडली होती आणि सांभाळण्यासाठी ठेवली होती. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची, ही धास्ती गुरुजनांना असे. म्हणून न दिलेले पुस्तक सर्वांत सुरक्षित.

आता पैशांचे बोलू. १९८० च्या सुमारास इंद्रजालचा अंक दीड रुपयाला पडत असे आणि अमर चित्र कथेचा तीन रुपयांच्या घरात. बटाटा काढायला जाणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी चार-पाच रुपये मिळे. म्हणजे शिवाजी महाराजांचा एक अंक घरी आणायचा तर आईची निम्म्याहून अधिक दिवसाची मजुरी गेली. कोणत्या तोंडाने मागायचे? चांगले-वाईट ठरवण्याआधीच किमतीने आपली निवड करून टाकली होती. आपण वेताळ वाचला यात आवडीचा भाग होताच, पण तो निम्म्या दरात मिळत होता हाही भाग होता.

आणि दीड रुपया तरी कुठे होता? सातवीत असताना आपल्यातल्या बारा जणांनी वाचनाची भिशी काढली. दर पंधरवड्याला प्रत्येकी चार आणे. बारा जणांचे तीन रुपये झाले, की मंचरच्या एस.टी. स्टँडवरून इंद्रजालचे दोन अंक येत. परीक्षा, सुगी आणि सुट्ट्या वगळता वर्षातून पंधरा पंधरवडे ती चाले. म्हणजे वर्षाला प्रत्येकाचे पावणेचार रुपये आणि वाचायला तीस अंक. एका अंकाला माणशी साडेबारा पैसे. भावंडांनी वाचले ते वेगळे. शिवाय कोणाचा मामा किंवा चुलता मालाच्या ट्रकबरोबर पुण्याला गेला, तर रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून निम्म्या किमतीचे अंक आणी. मुलींची पद्धत निराळी होती. त्यांच्यातल्या एकीच्या घरी चांदोबा टपालाने येई आणि तो ठरलेल्या क्रमाने घरोघर फिरे. त्यांची यादी आमच्या यादीपेक्षा नेटकी होती, असे त्या आजही सांगतात.

भिशीच्या वहीची काही पाने माझ्याकडे आहेत. अंकाचे नाव, घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि शेरा असे चार रकाने. शेरे असे : ‘मधले पान सुटले’, ‘तेलाचा डाग’, ‘बहिणीने मिशा काढल्या’. दोन दिवसांत अंक परत, नाहीतर पाच पैसे दंड. हे अक्षर आपल्या मागच्या बाकावरच्या मित्राचे. पाचवीत त्याला जोडाक्षरे वाचता येत नसत. वर्गात उभे केले की तो खाली पाहायचा. वेताळाच्या अंकात मात्र चित्र अर्थ सांगे आणि चार-पाच शब्दांचे वाक्य तो बोट ठेवून लावी. पुढे आबिद सुरती यांचा बहादूर त्याला वेताळापेक्षा आवडू लागला, कारण त्यात आपल्यासारखी गावे होती आणि दरोडेखोरांशी लढायला गावकरीच एकत्र येत. दोन वर्षांत तो इतका तयार झाला, की वही आम्ही त्याच्याकडेच दिली. आठवीत घरच्या अडचणीमुळे त्याने शाळा सोडली. बारातले चार जण असेच दहावीपर्यंत पोहोचले नाहीत. या स्मरणिकेतल्या १९८४ च्या यादीत त्यांची नावे नाहीत. पण आपल्या तुकडीचे पहिले खुले ग्रंथालय ज्यांनी चालवले, त्यांत ते होते. स्नेहमेळाव्याचे निमंत्रण त्यांनाही जावे, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.

ते अंक आज कुठे आहेत? बहुतेक रद्दीत गेले, काही पावसात भिजले, काहींच्या पुड्या झाल्या. कागद पातळ होता आणि वाचणारे हात अनेक. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांतले अंक चांगल्या स्थितीत मिळाले, तर संग्राहक आज त्यांची किंमत हजारांत करतात. अमर चित्र कथेचे तसे नाही. तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्यामुळे जुनी पहिली आवृत्ती महाग असली तरी वाचण्याची प्रत सहज मिळते. किशोरचे जुने अंक तर बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. यातून एक गोष्ट उघड होते. संग्राहक पैसे देतो ते दुर्मीळपणाचे. गोष्टीचे मोल त्यात वेगळे धरलेले नसते. जो अंक सर्वांनी वाचून फाडला तो महाग झाला आणि जो आजही छापला जातो तो स्वस्त राहिला.

मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक, आपल्या बालपणीची आठवण म्हणून जुने इंद्रजाल आणि चांदोबाचे अंक विकत घेऊन शाळेत काचेच्या कपाटात लावावेत. दुसरी, थोर पुरुषांच्या चरित्रांचा पुठ्ठा बांधणीचा संच द्यावा. दोन्ही सूचनांमागचे प्रेम मी जाणतो. जुने अंक पाहिले तर माझेही हात शिवशिवतात. पण काचेच्या आतला वेताळ कोणी वाचणार नाही, आणि त्याच्या एका अंकाच्या किमतीत आज मराठीतली चित्रांची पंधरा-वीस नवी पुस्तके येतात. चरित्रांचा संच चांगला असला तरी निवड पुन्हा आपणच करणार. आपल्या वेळी झाली तशीच.

प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. पुस्तके कोणी निवडावीत हे मात्र त्यात सांगितलेले नाही. ती मोकळीक आपण वापरू. माझी सूचना साधी आहे. रक्कम एकदम खर्च न करता पाच वर्षांत विभागावी. दरवर्षीच्या निम्म्या रकमेची पुस्तके शिक्षकांनी निवडावीत. त्यांना मुलांपुढचा रस्ता दिसतो. उरलेल्या निम्म्याची निवड प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांनी आणि दोन मुलींनी मिळून करावी. त्यांना पुण्याला, अप्पा बळवंत चौकात, घेऊन जाण्याचा खर्च आणि जबाबदारी आपली. त्यांनी कॉमिक्स उचलली तर उचलू द्यावीत. भुताच्या, क्रिकेटच्या, विनोदाच्या पुस्तकांनाही तोच नियम.

काही गुरुजन म्हणतील, मुले हलके तेवढे निवडतील. काही निवडतीलच. आपणही दोन वर्षे वेताळाशिवाय काही मागितले नव्हते. पण नववीत गेल्यावर त्याच भिशीच्या पैशांतून फास्टर फेणे आला आणि वहीच्या शेवटच्या पानांवर तर कादंबऱ्यांची नावे आहेत. वाचनाचा जिना कुठल्या पायरीपासून चढायचा, हे चढणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असते.

एक अट मात्र असावी : कपाटाला कुलूप नको. पुस्तके फाटतील, हरवतील, कोणीतरी मिशाही काढील. पाच वर्षांत शंभरातली वीस पुस्तके वाचून वाचून नाहीशी झाली, तर ती नोंद तोट्याच्या रकान्यात करू नये. चार रकान्यांची एक वही शाळेला माझ्याकडून देतो. ती सांभाळायला हुशार मुलगा किंवा मुलगी शोधू नका. वर्गात वाचायला उभे केल्यावर जे खाली पाहते, त्या मुलाकडे ती द्या.