साठ टक्के म्हणजे किती?

इकोच्या रिपोर्टात 'ईएफ ६०%' दिसलं की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे ४० टक्के हार्ट गेलं का हो?" नाही हो मंडळी! पण हा आकडा आला कुठून, ती गोष्ट मात्र मजेशीर आहे.

१९५३ साल, स्वीडनमधलं लुंड. हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांच्यापुढे पेच होता. आकसलेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करता येऊ लागली होती. पण झडप आकसली आहे की गळते आहे, हे आधी खात्रीने कळेना, आणि अंदाज चुकला तर पेशंटच्या जिवावर. त्यांनी हेलमुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. माल्मोच्या जहाज कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र होतं. हर्ट्झनी ते चक्क स्वतःच्या छातीला लावलं, तर ठोक्यागणिक खुणा हलू लागल्या! मग सीमेन्सने यंत्र उसनं दिलं आणि २९ ऑक्टोबरला पहिली नोंद झाली.

तेव्हा चित्र वगैरे काही नव्हतं, नुसत्या हलत्या रेघा. एक ठळक रेघ एडलरना आधी हृदयाच्या वरच्या कप्प्याची भिंत वाटली. ती मायट्रल झडपेची पाकळी निघाली.

पंप मोजणं नंतर आलं. सुरुवातीला एकाच रेषेवर डाव्या खालच्या कप्प्याची रुंदी मोजून, तिचा घन करून आकारमान ठरवत. पण हार्ट अ‍ॅटॅकनंतर एखादाच भाग लुळा पडला आणि रेषा तिथून गेलीच नाही, तर? पुढे हलतं चित्र दिसू लागलं, तेव्हा काकडीच्या चकत्यांसारखे त्या कप्प्याचे काल्पनिक २० काप करून बेरीज करायची रीत आली. आजही हीच रीत मुख्य आहे.

आता हिशोब बघा. कप्पा भरला तेव्हा १२० मिली रक्त, आकुंचनानंतर उरलं ५०. बाहेर गेलं ७०, म्हणजे साधारण ५८ टक्के. निरोगी हृदयही कधी पूर्ण रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम, शंभरपैकी मार्क नव्हेत ते.

आणि कप्प्याची कड माणूस आखतो, हल्ली कधी संगणकही. त्यामुळे ५८ चे ५५ झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका. उलट आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर रिपोर्ट फायलीत ठेवून गप्प बसू नका. हृदय नीट सैलावत नसेल तरी धाप लागते, आणि ते ईएफमध्ये दिसत नाही.